पाच गडी राखून

आमच्या भंडाऱ्यात क्रिकेट प्रथम वाचले गेले, मग ऐकले गेले आणि पाहिले गेले ते फार उशिरा. वैनगंगेच्या काठचे हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. जिल्हा तलावांसाठी आणि धानासाठी. कसोटी सामन्याची आणि आमची जवळात जवळ गाठ पडण्याजोगी जागा म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरवरचे नागपूर, आणि तेथेही पहिली कसोटी झाली ती १९६९ च्या ऑक्टोबरात, न्यूझीलंडचा संघ आला तेव्हा. त्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे आमचे क्रिकेट नागपूरच्या वर्तमानपत्रांतून आणि खरखरणाऱ्या रेडिओतून येत असे. विजय हजाऱ्यांचा बचाव किंवा विनू मांकडांची फिरकी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण ती मला दिसलेली आहे. ज्यांनी ती लिहिली आणि सांगितली, त्यांच्या शब्दांत ती दिसली. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आणि वि. वि. करमरकरांसारख्या लेखकांनी क्रिकेटला मराठी वाणी दिली, तिचे खरे ऋण मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांपेक्षा आमच्यासारख्या दूरस्थांवर अधिक आहे. मैदानावर जाणाऱ्याला शब्द नसले तरी चालते. आमचे मैदानच शब्दांचे होते.

या परिस्थितीतून एक गोष्ट ओघानेच येते. ज्या डावाचे वर्णन झाले नाही, तो डाव आमच्यापुरता झालाच नाही. हा विचार माझ्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. तो आणून दिला माझ्या नातीने. ती शाळेच्या संघात गोलंदाजी करते. एका संध्याकाळी शुभांगी कुलकर्णी हे नाव कोठेसे वाचून ती मला विचारू लागली, "आजोबा, ही बॉल टाकायची कसा?" मी जन्मभर क्रिकेट वाचलेला माणूस. मोठ्या ऐटीत सांगितले, "पुण्याची. लेगस्पिन. १९ कसोट्या, ६० बळी. १९८५ चा अर्जुन पुरस्कार." पोर शांतपणे म्हणाली, "ते नाही विचारलं मी. टाकायची कसा?"

या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो. सुभाष गुप्त्यांचा चेंडू कसा वळे ते मी तिला अर्धा तास सांगू शकलो असतो, आणि तोही मी पाहिलेला नाही. माझ्या अज्ञानाचे मूळ शोधावे म्हणून मी मागे जाऊ लागलो, आणि ते शोधणे हेच या लेखाचे निमित्त.

मागे जाताना १९७६ या सालापाशी थांबावे लागते. त्या वर्षी भारताने वेस्ट इंडिजवर दोन विजय मिळवले. पहिला एप्रिलात, पोर्ट ऑफ स्पेनला. चौथ्या डावात ४०३ धावांचे आव्हान, गावसकर आणि विश्वनाथ यांची शतके, सहा गडी राखून जय. हा विजय आमच्या पिढीला पाठ आहे. तो ज्यांनी ऐकलाही नाही तेसुद्धा ऐकल्यासारखा सांगतात. दुसरा विजय नोव्हेंबरात, पाटण्याच्या मोइन-उल-हक स्टेडियमवर. शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी वेस्ट इंडिजच्या महिलांना पाच गडी राखून हरवले. भारतीय महिलांचा हा पहिला कसोटी विजय. सहा कसोट्यांची ती मालिका बंगलोरला ३१ ऑक्टोबरला सुरू झाली होती. मद्रास आणि दिल्ली करून ती पाटण्याला आली, तेथून लखनौला आणि शेवटी जम्मूला गेली. जम्मूला पाहुण्या जिंकल्या आणि मालिका बरोबरीत सुटली. पाटण्याचा सामना १७ नोव्हेंबरला सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी कानपूरला पुरुषांची न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सुरू झाली. आमच्या वाचनालयात येणाऱ्या पत्रांतून आम्ही कानपूर रकान्यारकान्यांनी वाचले. ती कसोटी अनिर्णित राहिली. पाटण्याच्या वाट्याला जे आले, ते वाचायला चहा निवेपर्यंतही थांबावे लागले नाही.

प्रथम मला वाटले, दोष भाषेचाच असावा. आपण 'पाच गडी राखून' म्हणतो. आमच्याकडे गडी म्हणजे पुरुष. धानाच्या बांधीत गड्याची मजुरी वेगळी, बाईची वेगळी. रोवणीला वाकतात त्या बहुतेक बायाच, पण गडीमाणूस म्हणजे नांगरावरचा. ज्या भाषेत बाद होणाऱ्यालाच गडी म्हणतात, त्या भाषेत बाई खेळणार कोठे आणि बाद होणार कशी? हा सिद्धान्त मला इतका आवडला की त्यावर एक सणसणीत लेख लिहायचे मी मनाशी योजले होते.

परंतु तो सिद्धान्त शाळेच्या पटांगणापाशी कोसळला. मधल्या सुटीत मुली लंगडी खेळत होत्या. दोघी पुढारणी उभ्या राहून गडी वाटून घेत होत्या. 'आमचा एक गडी कमी आहे' असे एक फ्रॉकवाली तावातावाने सांगत होती, आणि कमी असलेला तो गडी दोन वेण्या उडवीत धावत येत होता. खो-खोत, लगोरीत, लंगडीत मराठी मुली पिढ्यान्‌पिढ्या गडी आहेत. खेळगडी आणि सवंगडी या शब्दांतला गडी हा पुरुष नव्हेच. तो सोबती आहे. मजुरीच्या हिशेबात अरुंद झालेला शब्द खेळात पुन्हा रुंद होतो.

मग मी इतर शब्द तपासले, आणि प्रत्येक ठिकाणी मराठी मला निर्दोष आढळली. इंग्रजीत ज्या षटकात धाव निघत नाही त्याला कुमारिकेची उपमा दिली आहे. आपण सरळ 'निर्धाव षटक' म्हटले आणि कुमारिकेला त्यातून मोकळे केले. इंग्रजीतला 'बॅट्समन' जाऊन 'बॅटर' येण्यासाठी मेरिलबोन क्लबाला २०२१ साली नियमांच्या पुस्तकात दुरुस्ती करावी लागली. आपला 'गोलंदाज' मराठ्यांच्या तोफखान्यातून आला, त्याच्याच वळणावर 'फलंदाज' घडला, आणि दोन्ही शब्द पहिल्या दिवसापासून 'तो'लाही चालतात आणि 'ती'लाही चालतात. यष्टिरक्षक, कर्णधार, झेल, पायचीत, धावचीत यांतल्या एकाही शब्दाला दाढीमिशा नाहीत. भाषा तयार होती. लेखणी तयार नव्हती. म्हणून हा दोष व्याकरणाचा मानून चालणार नाही. तो अभिरुचीचा आहे, आणि म्हणूनच तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

महिला क्रिकेटवरचे जे मराठी लेखन माझ्या वाचनात आजवर आले, त्याचे मला तीन वर्ग दिसतात, आणि जुन्या साहित्यशास्त्राची परिभाषा त्यांना नेमकी लागू पडते.

पहिला वर्ग दाक्षिण्याचा. तो शृंगाराचा दूरचा नातलग. यात खेळाडूंचे पोशाख येतात, त्यांचे हसणे येते, स्वयंपाक येतो की नाही याची चौकशी येते आणि शेवटी 'चेंडूफळीही या नाजूक हातांना शोभून दिसली' अशा थाटाचे एखादे वाक्य येते. हे लेखन दुष्ट बुद्धीने केलेले नसते. पाहुण्या बायकांशी गोड बोलावे इतकाच त्याचा हेतू असतो. पण फलंदाज समोर उभी असताना लेखकाने तिच्या पायांच्या हालचालीकडे पाहायचे असते, आणि हा बूट कोणत्या रंगाचा ते पाहतो.

दुसरा वर्ग करुणरसाचा. याला सामग्री भरपूर आहे आणि ती खरी आहे. महिला क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली; मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ आला आणि पुणे, दिल्ली व कलकत्ता येथे खेळून गेला. त्या दिवसांत खेळाडू आरक्षणावाचून रेल्वेने प्रवास करीत, वळकट्या बरोबर नेत आणि संघात मोजक्याच बॅटी असल्याने त्या आळीपाळीने वापरीत, असे त्या काळच्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले आहे. हे ऐकून मन भरून येते, आणि यावे. पण करुणरसाची एक खोड आहे. तो डोळ्यांत पाणी आणतो आणि पाण्यातून चेंडू दिसत नाही. गाडीतली वळकटी आम्हाला ठाऊक झाली. गाडीतून उतरून तिने कोणता चेंडू टाकला ते ठाऊक झाले नाही.

तिसरा वर्ग वीररसाचा, आणि आजचे राज्य त्याचे आहे. २०१७ साली लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात भारतीय महिला इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी हरल्या, तेव्हापासून रणरागिणी, वाघिणी आणि दुर्गा यांचा आपल्या मथळ्यांत सुळसुळाट झाला. देवी म्हटली की नमस्कार करायचा असतो. तिने पुढे सरसावून खेळायला हवे होते की मागे जाऊन, हे विचारायचे नसते. १९७८ साली विश्वचषक भारतात भरला आणि यजमान संघ तिन्ही सामने हरला. या पराभवाची चिरफाड व्हायला हवी होती. १९७४ साली इंग्लंडात पुरुष हरून आले तेव्हा आमच्या पारावर आठवडाभर त्यांची झडती चालली होती. तीन पराभव सोसलेल्या त्या मुलींना ती झडती लाभली नाही. 'खेळल्या हेच पुष्कळ' असे म्हणून त्यांना सोडून देण्यात आले. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याचेच दोष आपण काढतो. दोषदिग्दर्शन हाही आदराचा एक प्रकार आहे, आणि त्या आदराला त्या मुकल्या.

या तिन्ही रसांत जे हरवते त्याला आपल्या शास्त्रकारांनी फार साधे नाव दिले आहे: स्वभावोक्ती. वस्तू जशी आहे तशी सांगणे. हा अलंकार आहे की नाही यावर जुन्या पंडितांत वाद झाला, इतका तो साधा. पण लिहायला बसले की कळते, सर्वांत अवघड तोच. इंग्लंडात नेव्हिल कार्डससारखा माणूस संगीतावर आणि क्रिकेटवर एकाच लेखणीने लिहीत असे, कारण दोन्हीकडे त्याला आधी नीट ऐकायचे आणि पाहायचे होते. कौतुक मागून येई.

१९८६ चा इंग्लंडचा दौरा हे याचे ठळक उदाहरण. त्या दौऱ्याची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. डायना एडलजी यांना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये जाऊ दिले नाही, कारण तेथे बायकांना मज्जाव होता; त्यावर त्यांनी एमसीसीच्या आद्याक्षरांवर अशी कोटी केली की शेवटच्या 'सी'च्या जागी 'पी' येऊन पुरुषी डुकरांचा उद्धार व्हावा. कोटी झणझणीत आहे, आणि त्या क्लबाने १९९८ साली बायकांना सभासदत्व देण्याचे ठरवले तेव्हा तिची आठवण निघाली ती योग्यच. पण त्याच एडलजींनी डाव्या हाताच्या फिरकीने कसोटीत ६३ बळी घेतले. दारावरची गोष्ट उरली. दाराच्या आत, मैदानावर जे झाले ते उरले नाही.

त्याच दौऱ्यात वूस्टरला संध्या अगरवाल यांनी १९० धावा केल्या. महिलांच्या कसोटीतली ती तोपर्यंतची सर्वोच्च धावसंख्या. इंग्लंडच्या बेटी स्नोबॉल यांचा १९३५ सालचा १८९ धावांचा विक्रम त्यांनी मोडला. एक्कावन्न वर्षांचा विक्रम एका धावेने मोडला गेला, आणि तो डाव नऊ तासांहून अधिक चालला. नऊ तास एका यष्टीपुढे उभे राहणे हा केवढा मोठा कादंबरीचा विषय! १९७५ साली गावसकरांनी विश्वचषकात साठ षटके खेळून नाबाद ३६ केल्या, त्यावर मराठीत आजतागायत वाद चालतो. एका संथ अपयशावर पन्नास वर्षे बोलणारी आपली रसिकता त्या संथ पराक्रमावर पन्नास वाक्येही बोलली नाही. आणि बोलली नाही म्हणून तो नऊ तासांचा डाव आज एका आकड्याएवढा उरला आहे.

येथे कोणी म्हणेल, सामनेच मुळी थोडे झाले, लिहिणार काय? ते खरे आहे. १९७७ च्या जानेवारीत आपल्या महिला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात एकेक कसोटी खेळून आल्या. ड्युनेडिनला शांता रंगास्वामींनी १०८ धावा केल्या, भारतीय महिलेचे ते पहिले कसोटी शतक. त्यानंतरची कसोटी थेट १९८४ साली. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतरची पुढची कसोटी १९९१ साली. मध्ये १९८८ चा विश्वचषक आपल्यावाचूनच झाला. पण हा युक्तिवाद मला उलट बाजूने लागू पडतो असे वाटते. दुष्काळात एकेक दाणा जपायचा असतो. सात वर्षे पुढचा सामना नसेल तर मागचा सामना लोकांच्या बोलण्यात सात वर्षे जगवणे हे शब्दांचे काम होते. तसे झाले असते तर या दौऱ्यांसाठी पैसा काढणाऱ्यांवर थोडी तरी लाज पडती. २००६ साली महिलांची संघटना क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, तोवर त्या खेळाला पैशांइतकेच वाक्यांचेही दारिद्र्य होते. शेवटी हा सगळा वृत्तान्त सविस्तर ग्रंथरूपाने आला तो 'द फायर बर्न्स ब्लू' या पुस्तकात, २०१८ साली, आणि इंग्रजीत.

आता सारे बदलले आहे, असे माझे मित्र सांगतात. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके वाजले. खेळ आता घरोघर दिसतो. मग वर्णन हवे कशाला? पण दिसणे आणि ध्यानात राहणे या दोन गोष्टी आहेत. त्या अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी, त्याच मैदानावर, भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग पुरा केला. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. दुसऱ्या दिवशी मी जे वाचले त्यात तिचे अश्रू होते, तिची प्रार्थना होती, देवी होती आणि वाघीण होती. ते सर्व खरे असेल. पण तिच्या डावात १४ चौकार होते आणि एकही षटकार नव्हता, हे कोणी थांबून पाहिले का? म्हणजे ५६ धावा सीमेपलीकडून आल्या आणि उरलेल्या ७१ तिने पायांनी धावून काढल्या. ज्या काळात मोठे आव्हान म्हणजे चेंडू आकाशात, असे समीकरण झाले आहे, त्या काळात एका मुलीने एवढा डोंगर जमिनीवरून चढून दाखवला. क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागा तिने एखाद्या जुन्या घरातल्या बाईने अंधारात दिवा शोधावा तशा शोधल्या. तिचे अश्रू कोणाचेही असू शकतील. त्या ७१ धावा तिच्याच आहेत.

आणि तो सामना भारताने किती गडी राखून जिंकला? पाच. पाटण्याला १९७६ साली जितके, तितकेच. मधल्या एकोणपन्नास वर्षांत काय बदलले आणि काय बदलले नाही याचा हिशेब मांडायला हे एक वाक्य मला पुरे वाटते. नवी मुंबईचा शेवटचा तास आमच्या गल्लीतले पोर डोळे मिटून सांगेल. पाटण्याचा विजय मात्र त्या पोराला धावफलकाच्या एका ओळीएवढाच मिळेल. त्या दिवशी मैदानात गर्दी होती, दोन्ही बाजूंच्या मिळून बावीस जणी होत्या, चेंडू वळत होता किंवा नव्हता, कोणीतरी कोणाचा तरी झेल सोडला असेल. हे सगळे घडले. ते घडले असे म्हणायला लागणारी वाक्ये मात्र आपण लिहिली नाहीत.

माझ्या नातीला द्यायचे उत्तर माझ्यापाशी अजून नाही. पण उत्तर कोठे मिळेल ते मला कळले आहे. त्या पहिल्या दौऱ्यांत खेळलेल्या पुष्कळ जणी आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे जाऊन हाल विचारणारे पुष्कळ गेले. आता कोणीतरी वही घेऊन जावे आणि चेंडू विचारावा. मनगट कोठे वळे, बोटे शिवणीवर कशी असत, पाटण्याच्या खेळपट्टीवर तो किती उसळला, समोरच्या फलंदाजाने काय चूक केली. त्या हे विसरल्या नसणार. ज्याने चेंडू टाकला तो विसरत नसतो. त्यांना हा प्रश्न आजवर फार थोड्यांनी विचारला, एवढेच.

परवा नात खेळून आली तेव्हा मी तिला विचारले, "आज काय केलेस?" ती म्हणाली, "तीन विकेट." मी म्हटले, "ते नाही विचारले. टाकलेस कसे?" पायातले बूट न काढताच ती ओसरीवर बसली आणि पहिल्या गड्यापासून सांगू लागली.